गीत आणि चित्र यांची सांगड: नवशिक्यांसाठी काही पाठ

एखादे गीत मनात भरले, म्हणजे ते केवळ ऐकून रसिकाचे समाधान होत नाही. तो ते गुणगुणतो, वहीत उतरून घेतो, पेटीवर त्याचे स्वर शोधून पाहतो. आजच्या विद्यार्थ्यास याखेरीज आणखी एक मार्ग मोकळा झाला आहे. आपल्या आवडीच्या गीतास आपल्या आवडीच्या चित्रपटातील प्रसंग जोडून दोन-तीन मिनिटांचे एक नवे गीतचित्र त्यास घरच्या संगणकावर, किंबहुना हातातील मोबाइलवरही, सिद्ध करता येते. यासाठी ना स्टुडिओ लागतो, ना मोठे द्रव्य. परंतु साधन सुलभ झाले म्हणजे कलाही सुलभ झाली, असे मात्र नव्हे. विद्यार्थ्यांची अशी पुष्कळ गीतचित्रे पाहून आमचे असे मत झाले आहे की, त्यांत हौस भरपूर असते, पण विचार व शिस्त यांची उणीव भासते. ती काही अंशी दूर व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेखात या विषयाचे प्राथमिक नियम उदाहरणासह सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा उद्योग नवा दिसतो खरा. तथापि त्याचे मूळ शोधू गेल्यास नाशिककरांस फार दूर जावे लागत नाही. धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्या जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला, आणि त्यानंतर लवकरच त्यांनी आपला कारखाना नाशिकास आणला. पण त्याच्याही आधी, १९१२ साली, त्यांनी एक लहानसा प्रयोग केला होता. वाटाण्याचे बी पेरून, ते रुजून त्याचे रोप होईपर्यंत, दिवसांमागून दिवस थोड्या थोड्या अंतराने त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. ती सलग पडद्यावर दाखविताच अनेक दिवसांची वाढ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडली. चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ, आणि त्या माळेतील काळ आपणांस आखूड किंवा लांब करता येतो, हे संकलनाचे आद्य तत्त्व या वाटाण्याच्या रोपात सामावलेले आहे.

या कामी फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा केवढा होता, हेही विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, ध्यानात ठेवावे. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे घरीच पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. रसायने सिद्ध करणे, फिल्म धुणे, तुकडे जोडणे ही कामेही त्यांनी आत्मसात केली. आणि घरातील माणसांचे जेवणखाण सांभाळून ती केली. आज आपण बोटाच्या एका टिचकीसरशी जो तुकडा कापतो, तो त्यांस कात्रीने कापावा लागे. चुकीचा कापला तर तो पूर्ववत होत नसे. म्हणून कापण्यापूर्वी विचार करण्याची सवय त्या पिढीस आपोआप लागली. आपणांस ती प्रयत्नाने लावून घेतली पाहिजे.

मूकपटांच्या काळी चित्रपटगृहात वादक पडद्याकडे पाहत पेटी-तबला वाजवीत. म्हणजे चित्र पुढे व संगीत मागे, असा क्रम होता. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि नटांस कॅमेऱ्यासमोरच गावे लागू लागले. पुढे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची पद्धत सुरू केली. गीत आधी ध्वनिमुद्रित करावयाचे आणि मग त्याच्या अनुरोधाने चित्र घ्यावयाचे, असा क्रम तेव्हापासून रूढ झाला. आपल्या गीतचित्राचा क्रमही हाच आहे. फरक इतकाच की, आपण नवे चित्र घेत नाही. दुसऱ्याने घेतलेल्या चित्रांतून निवड करतो. रसिकांनी स्वतः असे काम करण्याची प्रथा १९७५ च्या सुमारास अमेरिकेत पडली. कँडी फाँग या महिलेने ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतील स्थिरचित्रे एका गाण्याबरोबर क्रमाने पडद्यावर दाखविली. पुढे १९८२ साली जिम कापोस्टाझ या तरुणाने दोन व्हिडिओ रेकॉर्डर एकमेकांस जोडून जपानी व्यंगचित्रपटातील प्रसंग गाण्यास लावले. त्या वेळी एकेका कटासाठी फीत पुढे-मागे फिरवून जागा धरावी लागे. आज शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट यांसारखे संकलनाचे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. त्यांपैकी कोणताही एक घ्यावा व तोच नीट शिकावा. रोज हत्यार बदलणाऱ्या सुताराची खुर्ची कधीच पुरी होत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. उदाहरणादाखल आम्ही फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ हा १९१९ सालचा मूकपट घेतो. नाशिक येथील हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीच्या या चित्रपटात बालकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. त्यास जोडण्यासाठी एकनाथांची एखादी गवळण आपल्याच वर्गातील मुलामुलींनी गावी, असे आम्ही सुचवितो. हीच निवड का, याचा खुलासा कायद्याविषयीच्या परिच्छेदात होईल.

पहिली गोष्ट हेतूची. काम सुरू करण्यापूर्वी एक वाक्य कागदावर लिहावे: या गीतचित्रातून पाहणाऱ्यास काय जाणवावे? ‘कृष्ण छान दिसतो’ हे वाक्य पुरेसे नाही. ‘ज्यास आपण खोडकर पोर समजत होतो, तोच गोकुळाचा त्राता निघाला’ हे वाक्य चालेल. कारण त्यात आरंभ आहे, पालट आहे आणि शेवट आहे. पुढे एखादा सुंदर प्रसंग ठेवावा की गाळावा, असा प्रश्न पडेल, तेव्हा हे वाक्यच न्यायाधीशाचे काम करील. हेतूशी ज्याचा संबंध नाही, तो प्रसंग कितीही देखणा असला तरी बाजूस सारावा. निवडताना गीत व चित्र यांचा अर्थ परस्परांस बाधक नाही ना, हेही पाहावे. बाळ रामाचे वर्णन करणारे भजन बाळकृष्णाच्या चित्रास लावले, तर चाल कितीही गोड असली तरी श्रोत्याचे मन अडखळल्यावाचून राहत नाही.

दुसरी गोष्ट साहित्याची व्यवस्था. संपूर्ण चित्रपट एकदा न थांबता पाहावा. दुसऱ्यांदा पाहताना वहीत टिपण करावे: किती मिनिटे व किती सेकंदांवर कोणता प्रसंग आहे, त्यात कोण आहे, हालचाल डावीकडून उजवीकडे आहे की उलट, आणि भाव कोणता आहे. हे काम कंटाळवाणे वाटते. परंतु तासभर टिपण केले म्हणजे पुढे अनेक तास शोधाशोध वाचते. सर्व साहित्य एकाच फोल्डरमध्ये ठेवावे, प्रत्येक क्लिपला अर्थपूर्ण नाव द्यावे, आणि सर्वांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. तयार झालेल्या कामातून पुन्हा तुकडे कापून दुसरे काम करू नये; प्रत्येक वेळी मूळ प्रतीकडेच जावे. मित्राच्या वहीवरून उतरविलेल्या टिपणाची पुन्हा नक्कल केली, म्हणजे चुका वाढत जातात. चित्राचेही तसेच आहे. दर नकलेगणिक त्याचा स्पष्टपणा थोडाथोडा कमी होतो.

तिसरी गोष्ट तालाचे गणित. येथे आपल्याकडील विद्यार्थ्यांची मोठी सोय आहे. कारण आवर्तन, सम व काल ही परिभाषा त्यांच्या कानांस परिचित असते. समजा, गवळण केहरवा तालात, मिनिटास १२० मात्रा या लयीत गायिली आहे. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची झाली. केहरव्याच्या ८ मात्रा, म्हणून एक आवर्तन ४ सेकंदांचे. बोलपटाच्या फिल्ममध्ये सेकंदास २४ फ्रेम असतात, तर आपल्याकडील दूरचित्रवाणीत २५. त्या हिशेबाने एका आवर्तनात अनुक्रमे ९६ किंवा १०० फ्रेम येतात. हेच गीत दादऱ्यात असते, तर ६ मात्रांचे आवर्तन ३ सेकंदांचे, आणि त्रितालात १६ मात्रांचे आवर्तन ८ सेकंदांचे झाले असते. आपला प्रोग्रॅम सेकंदास किती फ्रेम धरतो, हे आरंभीच पाहून ठेवावे. २५ फ्रेम धरल्यास वरील लयीतील एका मात्रेत साडेबारा फ्रेम येतात, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. म्हणून प्रत्येक मात्रा मोजीत बसण्यापेक्षा समेवर खूण करणे शहाणपणाचे.

मात्र नुसत्या गणितावर विसंबू नये. माणसे गातात तेव्हा लय किंचित चढते. आरंभी १२० असलेली लय १२६ वर गेली आणि सबंध गीत त्या लयीत झाले, तर ३० आवर्तनांचे गीत १२० सेकंदांऐवजी सुमारे ११४ सेकंदांत संपेल. म्हणजे शेवटी शेवटी आपला कट समेपासून पाच सेकंदांहून अधिक दूर पडेल! यासाठी गीत ऐकत, हाताने ताल धरून, प्रत्येक समेपाशी टाइमलाइनवर खूण करावी. गणित हे अंदाजासाठी. अखेरचा निर्णय कानाचा.

आता एक चुकीची समजूत दूर केली पाहिजे. पुष्कळ नवशिक्यांस वाटते की, प्रत्येक मात्रेवर चित्र बदलले म्हणजे गीतचित्र तालबद्ध झाले. असे केल्याने पाहणाऱ्याचे डोळे शिणतात, आणि खरी सम आली तरी तिची गोडी कळत नाही. तबलजी प्रत्येक मात्रेवर सारख्याच जोराने थाप मारू लागला, तर मैफलीत कोण बसेल? सम उठून दिसावयाची, तर काल मोकळा ठेवावा लागतो. तेव्हा महत्त्वाचे कट समेवर घ्यावेत, काही आवर्तने कटावाचून जाऊ द्यावीत, आणि जेथे गीतात तिहाई किंवा लग्गी येते तेथे तुकडे जलद करावेत. शिवाय कट नेमका समेवरच असला पाहिजे असेही नाही. तोच कट समेच्या दोन फ्रेम आधी, बरोबर समेवर, आणि दोन फ्रेम नंतर असा तीनदा लावून पाहावा. कोठे चित्र गीतास ओढते आणि कोठे गीत चित्रास ओढते, हे या लहानशा प्रयोगाने जसे समजेल, तसे दहा पुस्तके वाचूनही समजणार नाही.

चौथी गोष्ट आराखड्याची. वरील गवळणीची ३० आवर्तने आहेत असे समजून आम्ही एक नमुना देतो. आरंभीच्या वाद्यसंगीताची २ आवर्तने, म्हणजे ८ सेकंद: यात नदीकाठाचे एकच चित्र ठेवावे, म्हणजे स्थळ मनात ठसेल. पहिल्या ध्रुवपदाची ४ आवर्तने: यात बाळकृष्णाच्या खोड्या, चार तुकड्यांत. पहिल्या अंतऱ्याची ८ आवर्तने: यात त्याचे डोहात जाणे आणि काठावरच्या लोकांचा आकांत, आलटून पालटून आठ तुकड्यांत. मधल्या ध्रुवपदाची ४ आवर्तने: यात दोनच संथ तुकडे, येथे पाहणाऱ्यास श्वास घेऊ द्यावा. दुसऱ्या अंतऱ्याची ८ आवर्तने: यात पाण्याखालील झुंज, प्रत्येक आवर्तनात दोन याप्रमाणे सोळा तुकडे. अखेरच्या ध्रुवपदाची ४ आवर्तने: त्यांतील तीन आवर्तने फण्यावरील कृष्णाचे एकच सलग चित्र, आणि शेवटचे आवर्तन काठावरच्या आनंदित मुद्रा, हळूहळू काळोखात विरत जाणाऱ्या. एकूण तुकडे ३३. सरासरी काढली तर एक तुकडा सुमारे साडेतीन सेकंदांचा येतो; पण एकही भाग या सरासरीच्या तालावर चालत नाही, हे ध्यानात घ्यावे. कोठे आठ सेकंदांचे एक चित्र, कोठे दोन सेकंदांचे. या चढउतारातच गीतचित्राचा प्राण आहे. अर्थात मूळ चित्रपटात जसे प्रसंग मिळतील, तशा या संख्या बदलाव्या लागतील.

पाचवी गोष्ट अर्थाची. दोन चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे त्यांतून तिसराच अर्थ निघतो. रशियातील लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने फाळके यांच्याच काळात एका नटाच्या भावशून्य चेहऱ्याचे एकच चित्र घेऊन, त्याच्यापुढे कधी सूपाची बशी तर कधी शवपेटी दाखविली. पाहणाऱ्यांस एकदा त्या चेहऱ्यावर भूक दिसली, दुसऱ्यांदा शोक दिसला. चेहरा तोच, अर्थ शेजाऱ्याने दिला. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी मंदाकिनीच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखविणारा एक भाग आहे. त्यातील एकच मुद्रा घेऊन तिच्या मागेपुढे निरनिराळी चित्रे लावून पाहणे, हा नवशिक्यांसाठी उत्तम धडा होईल. याच तत्त्वाचे दुसरे उदाहरण ‘लंकादहन’ या १९१७ सालच्या चित्रपटात आहे. त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. एका तुकड्यात राम व पुढच्या तुकड्यात सीता दाखविली, म्हणजे मधली जागा प्रेक्षकाचे मन भरून काढते. कटाचे सामर्थ्य ते हेच.

म्हणूनच गीतातील प्रत्येक शब्दास चित्र शोधण्याचा मोह आवरावा. गीतात चंद्र आला की पडद्यावर चंद्र, फूल आले की फूल, अश्रू आले की अश्रू, असे करणे म्हणजे शब्दकोश दाखविणे होय. शब्द जे सांगतो ते चित्राने पुन्हा सांगू नये. शब्द जे सांगत नाही ते सांगावे. गीतात आई रागे भरत असताना पडद्यावर तिची वाटेकडे लागलेली दृष्टी दाखविली, तर राग व माया दोन्ही एकाच वेळी कळतात. तसेच हालचालीचे भान ठेवावे. एका तुकड्यात मूल डावीकडून उजवीकडे धावत असेल आणि पुढच्यात उलट, तर ते परत फिरले असा समज होतो. हालचाल सुरू असतानाच कट घेतला, तर तो डोळ्यांत खुपत नाही. एका चित्रातून दुसरे चित्र विरघळत आणणे, चित्र फिरविणे, चमकविणे इत्यादी अलंकार प्रोग्रॅममध्ये ढिगाने मिळतात. ते मिठासारखे समजावेत. काळ पुढे गेला, स्वप्न सुरू झाले, आठवण आली, असे काही सांगावयाचे असेल तेथेच त्यांचा उपयोग करावा. एरवी साधा कट पुरेसा आहे.

सहावी गोष्ट तांत्रिक काळजीची. मूकपट हाताने कॅमेरा फिरवून घेतले जात, आणि त्यांची गती साधारणतः सेकंदास १६ फ्रेमच्या आसपास असे. तेच चित्र २४ फ्रेमने दाखविले तर दीडपट जलद धावते, आणि करुण प्रसंगही हास्यास्पद होतो. आपल्या प्रतीत माणसे अकारण लगबगीने चालताना दिसली, तर क्लिपची गती सुमारे ६७ टक्के करून पाहावी. दुसरे असे की, जुन्या चित्राची रुंदी व उंची यांचे प्रमाण ४ ला ३ असते, तर आजचा पडदा १६ ला ९ असतो. पडदा भरावा म्हणून जुने चित्र ताणले, तर प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. दोन्ही बाजूंस काळी जागा राहिली तरी हरकत नाही. मंदाकिनीचा चेहरा मात्र बिघडवू नये. ध्वनीच्या बाबतीत, मापकाचा काटा शून्य डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. तसे झाल्यास आवाजाची टोके कापली जातात व तो फाटतो. मुलांचे गाणे मुद्रित करताना पंखा बंद ठेवावा, मायक्रोफोन गाणाऱ्याजवळ असावा, आणि दोन-तीन आवृत्त्या घेऊन उत्तम ती निवडावी.

सातवी गोष्ट तपासणीची. पहिली जुळणी झाली की एक दिवस काम बाजूस ठेवावे. नंतर तीन प्रकारे पाहावे: एकदा आवाज बंद करून, म्हणजे चित्रांची कथा स्वतःच्या पायांवर उभी राहते की नाही ते कळेल, एकदा डोळे मिटून, म्हणजे ध्वनीतील खटके कळतील, आणि एकदा ज्याने मूळ चित्रपट पाहिलेला नाही अशा माणसाच्या शेजारी बसून. त्यास काहीही समजावून सांगू नये. तो कोठे चुळबुळ करतो, कोठे पुढे सरकून बसतो, हे मुकाट्याने पाहावे. जेथे समजावून सांगण्याचा मोह होईल, तेथेच काम अपुरे आहे असे समजावे.

आता कायद्याविषयी व त्याहून मोठ्या अशा नीतीविषयी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये चित्रपट व ध्वनिमुद्रण यांवरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. कवी व संगीतकार यांच्या रचनांवरील हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. यावरून ‘कालिया मर्दन’ व एकनाथांची गवळण यांवर आज कोणाचाही हक्क उरलेला नाही, हे दिसून येईल. परंतु तीच गवळण एखाद्या गायिकेने अलीकडे गाऊन मुद्रित केली असेल, तर शब्द मोकळे असले तरी ते मुद्रण मोकळे नाही. जुन्या मूकपटाच्या प्रतीस कोणी नवे पार्श्वसंगीत जोडले असेल, तर तेही त्याचेच. म्हणून गीत आपल्याच मुलांनी गावे, असे आम्ही वर सुचविले. शाळेच्या कार्यक्रमात केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेच्या कार्याशी संबंधित मंडळी यांच्यापुढे चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण ऐकविण्या-दाखविण्यास या कायद्यात सवलत आहे. तथापि दुसऱ्याच्या हक्काची कृती कापून, जोडून, जगापुढे प्रसिद्ध करणे ही निराळी बाब होय, आणि तेथे परवानगी मागणे हेच योग्य. कोणाचे चित्र, कोणाचे शब्द, कोणाचा आवाज व कोणाची साथ, हे शेवटी स्पष्ट अक्षरांत दाखवावे. जे आपले नाही ते आपले म्हणून मिरविल्याने कायदा कदाचित गप्प बसेल. मन गप्प बसणार नाही.

याहून गंभीर गोष्ट जिवंत माणसांच्या चित्रांची आहे. वर सांगितलेच आहे की, कटाने अर्थ बदलतो. एखाद्या वर्गमित्राचे रडवेले किंवा अवघडलेले चित्र घेऊन त्यास थट्टेचे गाणे लावणे ही दोन मिनिटांची गंमत वाटते. परंतु ती क्लिप एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गेली, म्हणजे ती परत बोलावता येत नाही, आणि ज्याची थट्टा झाली त्यास शाळेचे दार ओलांडणे कठीण होते. कुलेशॉव्हच्या प्रयोगातील नटाचे काहीच बिघडले नाही. आपल्या शेजारच्या बाकावरील मुलाचे पुष्कळ बिघडू शकते. म्हणून नियम साधा ठेवावा: ज्याचे चित्र घ्यावयाचे त्यास आधी विचारावे, तयार झालेले काम प्रथम त्यास दाखवावे, आणि तो नको म्हणाला तर वाद न घालता ते पुसून टाकावे. कौशल्य हाती आले, म्हणजे त्याबरोबर ही जबाबदारीही हाती येते.

सर्वांत शेवटी जतनाविषयी. फाळके यांचे देहावसान १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच झाले. त्यांनी निर्माण केलेल्या चित्रपटांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उपलब्ध आहे, आणि तोदेखील १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचा असावा, असे काही अभ्यासक मानतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली, तेथील पी. के. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांकडून जे अवशेष मिळवून जपले, त्यांमुळेच आपण आज मंदाकिनीचा कृष्ण पाहू शकतो. जे एके काळी गावोगाव दाखविले गेले, ते काळजीअभावी असे नाहीसे झाले. आपल्या हातातील मोबाइल तर त्या फिल्मच्या डब्याहूनही लवकर हरवतो किंवा बिघडतो. म्हणून पुरे झालेले काम, त्याचे मूळ तुकडे आणि टिपणाची वही, ही तिन्ही दोन निरनिराळ्या ठिकाणी तारीख घालून ठेवावीत.

आरंभ लहान असावा. एकदम सबंध गीत हाती न घेता केवळ एक ध्रुवपद, म्हणजे चार आवर्तने व सोळा सेकंद, इतकेच प्रथम करावे. त्यात चारच तुकडे असावेत. पण प्रत्येक तुकडा तेथे का आहे, याचे उत्तर देता आले पाहिजे. ते साधले की अंतरा घ्यावा, मग सबंध गवळण. सवड मिळेल तेव्हा पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकास अवश्य भेट द्यावी, आणि ज्या गावात आपण राहतो त्या गावात अंधाऱ्या खोलीत बसून कोणी फूट फूट फिल्मला हाताने छिद्रे पाडीत होते, याचे स्मरण करावे. त्या श्रमांच्या मानाने आपले काम किती सोपे झाले आहे, हे लक्षात आले म्हणजे ते निष्काळजीपणे करण्याचे धैर्य होणार नाही. आमचे विद्यार्थी या कलेकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता अभ्यास म्हणून पाहतील, तर येत्या स्नेहसंमेलनात आम्हांस त्यांची गीतचित्रे पाहण्याचा आनंद खचित लाभेल.